कॉलेजने आधी गिऱ्हाईक व्हावे

बारावीचा निकाल लागला की आमच्या टेबलावर कॉलेजांच्या माहितीपत्रकांचा ढीग जमतो. पालक ती घेऊन येतात आणि विचारतात, सर, यांतले कोणते बरे? फी किती, एसटी स्टँडपासून लांब किती, वसतिगृह आहे का, हे प्रश्न ठरलेले. अलीकडे या पत्रकांत दोन पाने नव्याने दिसू लागली आहेत. एकावर ‘इनक्युबेशन सेंटर’ किंवा ‘स्टार्टअप सेल’ असते, दुसऱ्यावर ‘समान संधी कक्ष’. पालक ही दोन्ही पाने उलटून पुढे जातात. पहिले पान लॅपटॉपवाल्या इंजिनिअर मुलांचे, आणि दुसरे कुणाचे भांडण झाले तर तक्रार करण्यासाठीचे, अशी एकंदर समजूत आहे. आम्हाला वाटते, ही दोन पाने सर्वांत आधी वाचावीत, आणि शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

इनक्युबेशन म्हणजे मूळ शब्दात अंडी उबवणे. विद्यार्थ्याच्या डोक्यात धंद्याची एखादी कल्पना असेल, तर ती पायावर उभी राहीपर्यंत कॉलेजने ऊब द्यायची: जागा, यंत्रे, प्रयोगशाळा, सल्ला आणि जमल्यास थोडे भांडवल. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण काढले. ते फक्त इंजिनिअरिंगसाठी नाही, सर्व उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे. त्यात काय आहे ते पालकांनी एकदा समजून घ्यावे. धंदा उभा करण्यासाठी विद्यार्थ्याला एक सत्र किंवा एक वर्ष शिक्षणातून विराम घेता यावा आणि नंतर परत येऊन पदवी पूर्ण करता यावी. प्रोजेक्टच्या जागी स्वतःचा उद्योग दाखवता यावा. संस्थेच्या परवानगीने कॉलेजच्या पत्त्यावर कंपनी नोंदवता यावी. धंद्यामुळे हजेरी कमी भरली, तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसता यावे. संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान १ टक्का या कामासाठी ठेवावा. मदतीच्या बदल्यात संस्था विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते, म्हणजे कॉलेज फुकटचा उपकार करते असेही नाही. या सुविधा चोवीस तास खुल्या असाव्यात, असेही त्यात लिहिले आहे.

हे सारे मार्गदर्शक स्वरूपाचे आहे, सक्तीचे नाही. त्यामुळे कोणते कॉलेज त्यातले किती पाळते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या पानाचे मूळ थोडे जुने आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेबाबतचे नियम केले. जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व यांवरून विद्यार्थ्याला वेगळी वागणूक मिळू नये म्हणून समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा, असे त्यात सांगितले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या.

आता एका मुलीविषयी सांगतो. ती आमच्या उर्दू शाळेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञान घेतले आणि सध्या जवळच्या शहरातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची अम्मी घरी नानखटाई करते. मुलीने मैद्याऐवजी नाचणी आणि ज्वारी वापरून पाहिली. पहिल्या पावसाळ्यात माल चार दिवसांत मऊ पडायचा, दुकानदार परत करायचा. मग तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओलाव्याचे प्रमाण मोजायला सुरुवात केली. कुठल्या पाकिटात बुरशी कधी धरते, भट्टीत किती वेळ जास्त ठेवले तर ओलावा उतरतो, याच्या नोंदी वहीत केल्या. वही आम्ही पाहिली आहे. आमच्या बीएडच्या पाठ-टाचणांपेक्षा नीटनेटकी आहे. आता माल तीन आठवडे टिकतो. दोन किराणा दुकाने आणि एक चहाची टपरी नेमाने घेतात.

कॉलेजने उद्योजकता महोत्सव भरवला, त्यात तिला पहिले बक्षीस मिळाले. काचेची ट्रॉफी, प्रमाणपत्र, पाहुण्यांसोबत फोटो. वार्षिक अहवालात तोच फोटो दोनदा छापून आला: एकदा ‘नवोपक्रम व उद्योजकता’ या मथळ्याखाली आणि एकदा ‘अल्पसंख्याक विद्यार्थिनींचे सक्षमीकरण’ म्हणून. पुढच्या आठवड्यात तिने कॅन्टीनमध्ये माल ठेवता येईल का, असे विचारले. बाहेरचा माल ठेवायचा नाही असे कंत्राटात आहे, हे उत्तर मिळाले. आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या चहाबरोबरची बिस्किटे मात्र शहरातल्या मोठ्या बेकरीतून येत होती.

तिने आम्हाला जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो. “सर, ट्रॉफी पुसावी लागते रोज. त्यापेक्षा महिन्याला दोनशे पाकिटांची ऑर्डर दिली असती, तर अब्बूंना दाखवता आली असती.”

अब्बूंना का दाखवायची, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. रिश्ते येऊ लागले आहेत. वडील रिक्षा चालवतात, मनाने वाईट मुळीच नाहीत, आम्हाला म्हणाले, “सर, डिग्री होने तक का टाइम दिया है मैंने। उसके बाद धंदा दिखा, तो आगे बात करेंगे।” म्हणजे मुलीकडे दहा महिने आहेत. दहा महिन्यांत नानखटाई हा घरात चालणारा उद्योग ठरेल, नाही तर मुलीचा ‘शौक’ ठरेल.

त्यातच एका सत्रात तिची हजेरी ६८ टक्क्यांवर आली आणि नियमाच्या ७५ टक्क्यांसाठी नाव यादीत लागले. तिच्या वडिलांसोबत आम्हीही प्राचार्यांकडे गेलो, २०१९ च्या धोरणाची छापील प्रत घेऊन. प्राचार्य सज्जन गृहस्थ. प्रत चाळून म्हणाले, “हे इंजिनिअरिंगसाठी असतं ना?” पहिल्या पानावर सर्व उच्च शिक्षणसंस्था असे लिहिलेले दाखवल्यावर त्यांनी हमीपत्र लिहून घेऊन परीक्षेला बसू दिले. कॅन्टीनचे मात्र ‘बघावे लागेल’ यावरच राहिले.

नव्या माणसाच्या धंद्याला बक्षिसापेक्षा पहिले मोठे गिऱ्हाईक लागते, ही गोष्ट महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा उभा करायला मदत दिली. त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, ‘सत्यसुधारक हॉटेल’. पण दलिताच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. राजाने कप तोंडाला लावल्यावर बाकीच्यांना नाक मुरडणे अवघड झाले. गंगारामांना सत्काराचे प्रमाणपत्र देऊन महाराज थांबले असते, तर हॉटेल किती दिवस चालले असते याचा विचार करून पाहावा. याच महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेमागेही तेच उभे होते.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका चुलीवर शिजवत, एका पंगतीत जेवत, आणि शेतात राबून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. ‘कमवा आणि शिका’ हे नाव आज महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत योजनेचे म्हणून टिकून आहे. त्या बोर्डिंगात कमाई आणि समता यांचे दोन वेगळे कक्ष नव्हते. एकाच अंगणात दोन्ही होते, म्हणून दोन्ही खरे होते.

आजचे कॉलेज वर्षभरात काय काय विकत घेते? स्नेहसंमेलनाची स्मृतिचिन्हे, पाहुण्यांना द्यायच्या शाली, बॅनर, फोल्डर, कापडी पिशव्या, प्रयोगशाळेचे एप्रन, झेरॉक्स, चहा-नाश्ता, बागेतली रोपे, संगणकांची दुरुस्ती, वेबसाइटचे काम. यांतले बरेचसे करणारी मुले-मुली त्याच वर्गात बसलेली असतात. शिवणारी आहेत, छपाई करणारी आहेत, मोबाइल आणि प्रिंटर खोलून जोडणारी आहेत. त्यांना यातल्या दहाव्या हिश्श्याच्या कामाची संधी दिली तरी स्टार्टअप सेलच्या वर्षभराच्या व्याख्यानांहून जास्त काम होईल.

यावर नियमांचे कारण पुढे येते. निविदा लागते, तीन वर्षांची उलाढाल लागते, अनुभव लागतो. पण सरकारने स्वतःच्या खरेदीत ही अडचण ओळखली आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना बयाणा रकमेतून सूट आहे, आणि दर्जा राखून आधीची उलाढाल व अनुभव या अटी शिथिल करता येतात. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. कॉलेजांना हे थेट लागू नाही. पण संस्थेच्या खरेदी समितीने असा ठराव करायला कुणाची मनाई आहे? दर्जाचे म्हणाल तर खराब माल परत करावा, जसा त्या किराणा दुकानदाराने केला. परत आलेल्या मालातूनच तर ती ओलावा मोजायला शिकली.

आता धंदा कुणाचा धरायचा, हाही प्रश्न आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथली मुले यंत्रमागाच्या खडखडाटात वाढतात. सुताचा भाव कधी चढला, व्यापारी उधारी किती दिवस तुंबवतो, बीम उतरला की मजुरी कशी वाटायची, हे त्यांना सतराव्या वर्षी माहीत असते. गॅरेज, बेकरी, फर्निचर, भंगार यांतल्या घरांचेही तेच. पण स्पर्धेत त्यांच्या धंद्याला ‘नवीन काही नाही’ म्हणून बाजूला ठेवतात आणि मोबाइल ॲपचे चित्र दाखवणाऱ्याला पुढे घेतात, भले त्या ॲपने अजून एक रुपया मिळवलेला नसो. जुन्या मागावर विजेचा खर्च कमी करून दाखवणाऱ्या मुलाला नवोपक्रमी म्हणायला काय हरकत आहे, हे आम्हाला कळलेले नाही.

भाषेचेही तसेच. सादरीकरण इंग्रजीतून, तेही मोजक्या मिनिटांत. आमच्या उर्दू शाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून गेलेले मूल तिथे धंद्याबद्दल कमी आणि व्याकरणाबद्दल जास्त घाबरते. ग्राहकाशी ते मराठीत आणि हिंदीत उत्तम बोलते. परीक्षकांशीही बोलू द्या. दोन भाषा शिकवतो म्हणून आम्ही हे बोलतो असे कुणी म्हणेल, तर म्हणो.

आणि वेळ. सेंटर चोवीस तास उघडे ठेवा असे धोरण सांगते. प्रत्यक्षात ते तास संपल्यावर चार ते सहा उघडते आणि आमच्या गावाकडची शेवटची सोयीची गाडी साडेपाचला सुटते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनाच ते सेंटर वापरता येते, गावाहून ये-जा करणाऱ्या मुलींना नाही. कुणी मुद्दाम वगळले नाही, तरी वगळले गेलेच. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाचे सेंटर दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बंद असेल, तर तेच. समान संधी कक्षाने तक्रारपेटी उघडून पाहण्याबरोबर स्टार्टअप सेलचे वेळापत्रक आणि जिनाही पाहायला हवा. दोन्ही कक्षांचे समन्वयक बहुधा एकाच स्टाफरूममध्ये बसतात. एकत्र बैठक घ्यायला फार लांब जावे लागणार नाही.

देशाचे आकडे पाहिले की हे किती अगत्याचे आहे ते कळते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०१९-२० मध्ये २१ लाख मुस्लिम विद्यार्थी कॉलेजात होते, २०२०-२१ मध्ये १९.२१ लाख राहिले. त्याच वर्षी देशातली एकूण पटसंख्या मात्र वाढून ४.१४ कोटी झाली होती. कोविडचे वर्ष होते, पण ते सगळ्यांनाच होते. घरात कमावणारे हात कमी पडले की आधी कुणाचे शिक्षण थांबते, हे आपल्या मोहल्ल्यात सांगावे लागत नाही. शिकता शिकता चार पैसे मिळाले, तर अशी काही मुले टिकतील.

गौरवाबद्दल बोलायचे तर तो हवाच. नॅकच्या मूल्यांकनात गेली अनेक वर्षे सात निकष राहिले. तिसऱ्यात संशोधन आणि नवोपक्रम, सातव्यात संस्थेची मूल्ये: स्त्री-पुरुष समता, दिव्यांगांसाठी सोयी, वेगवेगळ्या धर्म-भाषा-प्रदेशांच्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारे वातावरण. ‘अटल’ नवोपक्रम मानांकनात २०२० मध्ये केवळ महिलांच्या संस्थांसाठी स्वतंत्र गट झाला, हेही चांगले झाले. त्या वर्षी सरकारी व अनुदानित विद्यापीठांत मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आणि कॉलेजांत पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय पहिले आले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. अशा मानांमुळेच तर माहितीपत्रकात ही दोन पाने आली.

अडचण पुराव्याची आहे. पुरावा म्हणून फोटो मागितले की कार्यक्रम फोटोसाठी होतात. आम्हा शिक्षकांना फाइलीचे हे वेड नवे नाही. झाडे लावण्याच्या कार्यक्रमात एकाच खड्ड्यात किती वर्षे रोप लावले गेले, याच्या कथा प्रत्येक शाळेत सापडतील. मान देणाऱ्यांनी फोटोऐवजी बिले मागावीत. संस्थेने विद्यार्थ्यांच्या उद्योगांकडून यंदा किती रुपयांची खरेदी केली, त्यात मुली किती, दिव्यांग किती, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले किती, दोन वर्षांनी त्यांतले किती धंदे चालू आहेत. हजेरीची सवलत किती जणांना दिली. या आकड्यांवर श्रेणी दिली, तर कॅन्टीनच्या कंत्राटात एक ओळ बदलायला वेळ लागणार नाही.

पालकांनी प्रवेशाच्या वेळी हेच विचारावे. कुणी उद्धटपणा म्हणणार नाही. २०१९ चे धोरण तुमच्या कॉलेजने स्वीकारले आहे का? मुलीला दुपारी सेंटर वापरता येईल का? विद्यार्थ्यांचा माल कॅन्टीनमध्ये ठेवता का? आणि घरीही एक काम आहे. मुलगी शिलाईतून, मेंदीतून, केकमधून जे कमावते त्याचा हिशेब तिच्या नावाने वेगळा ठेवावा, तिच्या बँक खात्यात. घरखर्चात मिसळून गेलेल्या पैशाचा कुणालाच पुरावा राहत नाही, बँकेला तर नाहीच.

बँकेचे नाव निघाले म्हणून सांगतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ च्या नियमांप्रमाणे उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचे प्रकल्प बसतात. वय १८ पूर्ण हवे. महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग यांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. ही योजना कर्जाची आहे, तेव्हा हाती ऑर्डर असेल तरच अर्ज करावा, असे आमचे मत. आधी छोट्या गोष्टी उरकाव्यात. घरगुती खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. उद्यम नोंदणीला तर एक पैसा लागत नाही. आधार क्रमांक, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन क्रमांक लागतो. आमच्या गावात एकाने याच कामाचे दीड हजार घेतले. सरकारच्या उद्यम पोर्टलवर स्वतः बसून अर्ज भरावा, नाही जमले तर शाळेत शनिवारी दुपारी यावे. संगणक कक्ष उघडा असतो.